श्वानांचे अंगमर्दन आणि पुनर्वसन

रस्त्यावर मोटारीखाली सापडून मांडीचे हाड मोडलेले चार-पाच महिन्यांचे पिल्लू शस्त्रक्रिया होऊन घरी येते, यथाकाल जखम भरते, टाके निघतात, क्ष-किरणाच्या चित्रात हाड नीट जुळलेले दिसते, आणि घरातील मंडळी एका मोठ्या संकटातून पार पडल्याचे समाधान मानतात. परंतु आणखी काही आठवडे लोटल्यावर त्यांच्या ध्यानात येते की पिल्लू तो पाय जमिनीला टेकवतच नाही, गुडघा वाकत नाही आणि सारी तंगडी ताठ होऊन मागे लोंबत राहिली आहे. हाड बरे झाले, पण पाय कामातून गेला, अशी ही अवस्था असते. तिचे कारण हाडाभोवतीच्या स्नायूंत सापडते. मांडीच्या पुढील अंगाचा चतुःशिरस्क स्नायू मोडलेल्या जागी तयार होणाऱ्या नव्या हाडाला चिकटतो, पाय हालचालीवाचून राहिल्याने आखूड होतो, त्यातील मांसतंतूंची जागा चिवट तंतुमय ऊतक घेऊ लागते, आणि वाढीच्या वयातील पिल्लात तर ही सर्व क्रिया इतक्या त्वरेने घडते की ती लक्षात येईतो बहुतेक वेळा इलाजाची मुदत टळून गेलेली असते. एकदा सांधा असा जखडला म्हणजे पुढे दुसरी शस्त्रक्रिया करूनही यशाची शाश्वती राहत नाही, व कित्येक पिल्लांचा तो पाय अखेर कापावा लागतो. वास्तविक हाड पक्के बसविल्याबरोबर, दुःखशामक औषधाच्या अंमलाखाली, दिवसातून अनेक वेळा तो गुडघा हळुवारपणे वाकवीत आणि सरळ करीत राहण्याची तजवीज केली असती, तर त्यांतील पुष्कळ पाय वाचण्याजोगे होते.

या एका उदाहरणात श्वानांच्या पुनर्वसनशास्त्राचे सगळे प्रयोजन सामावलेले आहे. शल्यचिकित्सक हाड जोडतो, तुटलेल्या अस्थिबंधाची भरपाई करतो, मणक्यांतून निसटलेला चकतीचा गर काढून टाकतो. तथापि चालणे ही क्रिया त्याच्या शस्त्राने परत देता येत नाही, ती त्या प्राण्याला पुन्हा कमवावी लागते, आणि ती कमवून देण्याचे काम पुढे कित्येक आठवडे कोणाच्या तरी दोन हातांना करावे लागते. कुत्र्याला मालिश म्हटले की आपल्याकडे अद्याप श्रीमंतांच्या लाडक्या प्राण्यांचे चोचले डोळ्यांपुढे येतात. प्रस्तुत लेखकाच्या मते हा समज अत्यंत घातक आहे, कारण त्याच्यापायी हजारो रुपये खर्चून केलेली शस्त्रक्रिया अर्ध्यावर सोडली जाते आणि तिच्या अपयशाचा दोष उगाच शस्त्रक्रियेच्या माथी बसतो.

घोड्याच्या बाबतीत ही गोष्ट आपल्या पूर्वजांना कोणी शिकवावी लागली नव्हती. पागेतील मोतद्दाराने खरारा करावा, दौडीहून आलेले जनावर एकदम खुंट्याला न बांधता फिरवून निववावे आणि मग त्याचे पाय चोळावेत, हा जुना शिरस्ता होता. शालिहोत्राच्या नावावर अश्वचिकित्सेची आणि पालकाप्याच्या नावावर गजचिकित्सेची शास्त्रपरंपराच चालत आली. श्वानाच्या वाट्याला इतका मान आला नाही. चालुक्य नृपती तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथात सारमेयविनोद म्हणून शिकारी कुत्र्यांचे एक प्रकरण आहे खरे. परंतु एकंदरीत कुत्रा हा उंबऱ्याबाहेरचा चाकर राहिला, आणि लंगडू लागलेल्या चाकराची फारशी विचारपूस झाली नाही.

माणसाच्या अंगमर्दनाला आधुनिक वैद्यकात जागा मिळाली ती युरोपात. 1813 साली स्टॉकहोम येथे पेर हेन्रिक लिंग याने व्यायामविद्येची संस्था काढली; अॅमस्टरडॅमच्या योहान गेओर्ग मेझगर या वैद्याने मर्दनाच्या निरनिराळ्या क्रियांची पद्धतशीर वर्गवारी रूढ केली; आणि 1894 साली लंडनमध्ये चार परिचारिकांनी एकत्र येऊन मर्दन करणाऱ्या शिक्षित स्त्रियांची जी सोसायटी स्थापन केली, तिच्यातूनच पुढे इंग्लंडमधील भौतिकोपचारतज्ज्ञांची अधिकृत संघटना उभी राहिली. माणसाकडून जनावराकडे हा प्रवाह वळला तो पुन्हा घोड्याच्याच वाटेने. चार्ल्स स्ट्राँग या इंग्रज भौतिकोपचारतज्ज्ञाने लॉर्ड माउंटबॅटन यांच्या पोलोच्या घोड्यांवर माणसांचेच उपचार करून पाहिले, व पुढे त्या विषयावर पुस्तक लिहिले. श्वानांचा क्रम त्यानंतर पुष्कळ वर्षांनी लागला. अमेरिकेत टेनेसी प्रांतातील पशुवैद्य डॅरिल मिलिस आणि भौतिकोपचारतज्ज्ञ डेव्हिड लेव्हिन यांनी 2004 साली या विषयाचा पाठ्यग्रंथ प्रसिद्ध केला, आणि 2010 साली तेथे प्राण्यांचे क्रीडावैद्यक व पुनर्वसन ही पशुवैद्यकाची एक स्वतंत्र विशेष शाखा म्हणून मान्य झाली. मुंबईत परळला 1886 पासून पशुवैद्यकाचे महाविद्यालय आहे, म्हणजे जनावरांच्या शास्त्रशुद्ध चिकित्सेचे शिक्षण आपल्याला नवे नाही. पुनर्वसनाचा विचार मात्र मुंबई-पुण्याच्या दवाखान्यांतून आत्ता कोठे रुजू लागला आहे.

कुत्र्याच्या अंगावर उपचारासाठी हात ठेवणाऱ्याला त्याच्या देहाची ठेवण आधी ठाऊक हवी. माणसाचा हात मानेखालच्या आडव्या हाडाने, म्हणजे जत्रुकास्थीने, धडाच्या सांगाड्याशी जोडलेला असतो. कुत्र्याच्या ठिकाणी हे हाड नाममात्र उरलेले आहे, आणि त्यामुळे त्याचे पुढचे पाय व धड यांच्यामध्ये हाडाचा हाडाशी सांधा असा कोठेच नाही. फऱ्याची दोन हाडे छातीच्या दोन बाजूंना केवळ स्नायूंनी बांधलेली असतात, आणि त्यांच्यामध्ये छाती झोळीत घातल्यासारखी लोंबकळत असते. धावताना, उडी मारून उतरताना बसणारे हादरे ही झोळी जिरविते. त्यातच कुत्र्याच्या देहाचा सुमारे 60 टक्के भार पुढच्या पायांवर आणि 40 टक्के मागच्यांवर पडतो. आता मागचा गुडघा किंवा खुबा दुखू लागला की तो प्राणी आणखी भार पुढे सारतो, मान खाली घालतो, पाठीला बाक देतो, आणि महिनोन्महिने हेच चालले म्हणजे दुखणे मुळात मागच्या पायाचे असूनही फऱ्याचे, मानेचे आणि कण्याच्या दोन्ही बाजूंचे स्नायू ताठरून, गाठाळून जातात.

ओळखीच्या एका घरी बारा वर्षांची एक लॅब्रॅडॉर कुत्री आहे. तिच्या दोन्ही खुब्यांना संधिवात जडलेला. तिच्यावर उपचार करण्यास एक तरुण पशुवैद्य बाई येत असत. एका दुपारी त्या कुत्रीजवळ जमिनीवर मांडी घालून बसल्या आणि बराच वेळ तिच्या खांद्यापाशीच बोटे फिरवीत राहिल्या, तेव्हा यजमानांना राहवेना. “डॉक्टर, दुखतो तो मागचा पाय, आणि तुम्ही मघापासून खांदाच धरून बसलात?” त्यांनी विचारले. “काका, मागच्या पायाचं काम दोन वर्षं हाच खांदा करतोय. आधी याची दखल घेऊ द्या,” एवढेच बोलून त्या पुन्हा आपल्या कामाला लागल्या. त्यांची कामाची रीत निरखण्याजोगी होती. आरंभी त्यांनी हात केवळ ठेवला, दाबला नाही. कुत्रीचा श्वास सावकाश झाल्यावर मानेपासून शेपटीच्या मुळापर्यंत, केसांच्या दिशेने, पसरलेल्या तळव्याने लांब व संथ हात फिरविले. नंतर फऱ्याच्या मागे, जेथे त्रिशिरस्क स्नायूचा जाड पट्टा लागतो, तेथे तो पट्टा अंगठा व बोटे यांच्यामध्ये उचलून, दाबून, सोडून मळल्यासारखा केला. आणि त्या पट्ट्यात एके ठिकाणी घट्ट कणी लागताच बोट तेथेच थांबवून, वाढता न वाढता असा दाब देत त्या वाट पाहत राहिल्या. क्षणभर कातडी थरथरली, कुत्रीने मान वळवून त्यांच्या मनगटाकडे पाहिले, ओठांवरून जीभ फिरविली. बाईंनी लगेच दाब निम्म्यावर आणला. थोड्या वेळाने कणी विरघळावी तशी मऊ झाली आणि कुत्रीने डोके जमिनीवर टेकले.

यातील कुत्रीच्या हालचालींकडे लक्ष देणे सर्वांत अगत्याचे आहे, कारण कुत्रा आपले दुःख बोलून दाखवीत नाही आणि पुष्कळदा लपवितो. ओठ चाटणे, भूक वा झोप यांचा संबंध नसता जांभई देणे, डोळ्याचा पांढरा भाग दिसेल असे तिरके पाहणे, अंग आखडून श्वास रोखणे, ही सर्व ‘पुरे’ म्हणण्याची सभ्य भाषा आहे, आणि गुरगुरणे ही तिच्यापुढची पायरी होय. सभ्य भाषेकडे काणाडोळा करून कुत्र्याला धरून, दामटून जे मर्दन केले जाते, त्याने स्नायू अधिकच आखडतात. ग्लासगो विद्यापीठातील पशुवैद्यांनी कुत्र्याची ठेवण, चाल, स्पर्शाला मिळणारा प्रतिसाद इत्यादी बाबी पाहून त्याच्या वेदनेला गुण देण्याची एक रीत बसविली आहे, व शस्त्रक्रियेनंतरच्या शुश्रूषेत तिचा पुष्कळ उपयोग होतो. परंतु रोज त्याच्या अंगावर हात फिरविणाऱ्याला जे कळते, त्यालाही मोठे मोल आहे. कालपर्यंत नसलेली उष्णता, दोन मांड्यांच्या घेरातील फरक, एकाच बाजूची कठीण झालेली पाठ, नव्याने हाताला लागलेली एखादी गाठ, या गोष्टी कोणत्याही यंत्राच्या आधी तळहाताला समजतात. मर्दनाचे पहिले आणि निर्विवाद फळ ते हेच, की त्यातून नित्याची परीक्षा घडते.

दुखऱ्या जागी चोळल्याने बरे का वाटते, याचा एक सयुक्तिक खुलासा रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी 1965 साली मांडला. स्पर्श व दाब यांच्या संवेदना जाड मज्जातंतूंतून येतात, आणि मज्जारज्जूत शिरताना त्या वेदनेच्या संवेदनांना मेंदूकडे जाण्यास काही अंशी अटकाव करतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुढील संशोधनाने त्यातील तपशिलात बदल झाले, पण मूळ कल्पना टिकून राहिली. स्नायूंतील वेदनाबिंदू माणसांत पुष्कळ आधीपासून परिचित होते. ते कुत्र्यांतही आढळतात व त्यामुळे कुत्री लंगडतात, असे बेल्जियमचे पशुवैद्य ल्यूक यान्सेन्स यांनी 1991 साली दाखवून दिले. याउलट मर्दनाने शरीरातील विषे बाहेर पडतात, साचलेले लॅक्टिक आम्ल निघून जाते, ही जी विधाने जाहिरातींतून आढळतात, त्यांना आधार नाही; श्रमाने उत्पन्न झालेले ते आम्ल विश्रांतीत तासाभराच्या सुमारास शरीर आपले आपणच आटोपते. खरी गोष्ट अशी की, संधिवाताच्या कुत्र्यात वजन उतरविणे व नियमित व्यायाम यांच्या बाजूने जितका भक्कम पुरावा गोळा झाला आहे, तितका केवळ मर्दनाच्या बाजूने झालेला नाही. म्हणून मर्दनाकडे व्यायामाची पूर्वतयारी म्हणून पाहावे. वेदना व ताठरपणा थोडा उतरला की त्या अवधीत कुत्र्याला चालते करावे. चालण्यावाचून केलेले मर्दन संध्याकाळपर्यंतचे सुख देते आणि तेवढ्यावरच संपते.

तेलाविषयी एक सूचना आपल्या घरांसाठी मुद्दाम केली पाहिजे. तान्ह्या मुलापासून तालमीतल्या पैलवानापर्यंत सर्वांना तेल लावून चोळण्याची आपली रीत कुत्र्याला लागू करू नये. त्याच्या कातडीचा वरचा थर आपल्यापेक्षा पातळ असतो, केसांतून तेल नीट बसत नाही, आणि जे बसते ते तो चाटतो. कापूर, किंवा वेदनाशामक मलमांतील मेंथॉल व मिथाइल सॅलिसिलेट ही द्रव्ये त्याच्या पोटात जाणे घातक आहे. त्याचप्रमाणे घरातील माणसांच्या आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या कुत्र्याला देण्याने जठरात व्रण होऊन, मूत्रपिंडे निकामी होऊन प्राण जाऊ शकतो. कोरडा, उबदार हात पुरेसा आहे.

हात लावू नये असेही प्रसंग आहेत, आणि त्यांत आपल्या हवेत सर्वांत महत्त्वाचा म्हणजे गोचीडताप. गोचिडाच्या चाव्यातून शिरणाऱ्या एर्लिकिया नावाच्या जंतूमुळे कुत्र्याला ताप येतो, अन्नावरची वासना उडते, सांधे दुखून तो लंगडू लागतो, आणि रक्त गोठविणाऱ्या पट्टिका घटतात. अशा कुत्र्याला पाय मुरगळला असेल म्हणून कोणी चोळू लागले, तर कातडीखाली रक्त साकळते. तेव्हा लंगडणे एकाएकी सुरू झाले, पाय बदलून बदलून लंगडू लागला, किंवा अंग तापले, तर प्रथम रक्ततपासणी करावी. श्वानाचे निरोगी तापमान अदमासे 38.3 ते 39.2 अंश सेल्सियस असते, म्हणजे आपल्या मानाने ते मुळातच अधिक असल्याने केवळ स्पर्शावरून तापाचा निर्णय करू नये, तापमापक वापरावा. उघडी जखम, न बसलेले हाड, कर्करोगाची गाठ, आणि नुकतीच सरकलेली कण्याची चकती, या ठिकाणीही पशुवैद्याच्या हुकुमावाचून मर्दन वर्ज्य होय.

शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या तीन दिवसांत सूज असते, तेव्हा फडक्यात गुंडाळलेला बर्फ दिवसातून तीन-चार वेळा, दहा-पंधरा मिनिटे ठेवतात. सूज ओसरल्यावर शेक सुरू करतात, आणि पिशवीची उष्णता आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला अजमावून पाहतात. पुढे सांध्याची निष्क्रिय हालचाल येते, म्हणजे कुत्रा आडवा असताना त्याचा पाय एका हाताने सांध्याच्या वर व दुसऱ्याने खाली आधार देऊन, दुखेल त्याच्या अलीकडेपर्यंतच, वाकविणे आणि ताणणे. सांध्यातील कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. हालचालीने ती दाबली जाते व सुटते, आणि त्या दाबण्या-सुटण्यात सांध्यातील वंगणद्रवातून तिचे पोषण होते. न हलणारा सांधा हा अशा रीतीने अक्षरशः उपाशी राहतो.

यानंतरचे काम कुत्र्याचे स्वतःचे. पट्टा लावून, अगदी सावकाश चालविणे हा त्यातील आद्य व्यायाम असून तोच बहुतेक मालक बिघडवितात. कुत्रा वेगाने निघाला की दुखरा पाय वर धरून तीन पायांवर उड्या मारीत जाऊ शकतो, आणि तसे जाणे त्याला लवकरच अंगवळणी पडते. मंदगतीत मात्र प्रत्येक पाऊल टेकल्यावाचून त्याचा निभाव लागत नाही. म्हणून मालकाने आपली चाल कुत्र्याचा चौथा पाय पडेल इतकी कमी करावी, मग रस्त्यावरचे लोक पुढे निघून गेले तरी चालेल. बसणे व पुन्हा उभे राहणे, याची सरळ, दोन्ही गुडघे सारखे मुडपून केलेली आवर्तने मांडी व पुठ्ठा यांचे स्नायू वाढवितात. बांबूच्या काठ्या जमिनीपासून थोड्या उंचीवर आडव्या मांडून त्यांवरून सावकाश चालविले, की पाऊल उचलण्याची सवय परत येते. खुब्याच्या हाडाचा गोल माथा काढून टाकण्याची जी शस्त्रक्रिया करतात, तिच्यात तर सगळी मदार या व्यायामांवरच असते. हाडाचा सांधा तेथे उरलेलाच नसतो, स्नायू व तंतू मिळून नवा आधार तयार करतात, आणि तो किती हलता होईल हे त्या दिवसांत पाय किती वापरला गेला यावर ठरते.

पाण्याचा उपयोग याच हेतूने केला जातो. काचेच्या टाकीत फिरता पट्टा बसवून, कोमट पाणी भरून, त्यात कुत्र्याला चालवितात. 2010 साली लेव्हिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजून दाखविले, की पाणी घोट्यापर्यंत असता कुत्र्याच्या पायांवर त्याच्या वजनाचा 91 टक्के भार राहतो, गुडघ्यापर्यंत असता 85 टक्के, आणि खुब्यापर्यंत असता अवघा 38 टक्के. हे आकडे उपचारकाला फार उपयोगी पडतात, कारण पाण्याची पातळी वर-खाली करून भार हवा तितका देता येतो, आणि पाण्याच्या विरोधामुळे दुबळ्या स्नायूला कामही पडते. पोहणे ही याहून निराळी क्रिया आहे. पोहताना गुडघा पुष्कळ वाकतो, पण पाय मागे पूर्ण ताणला जाण्याचे काम तितकेसे घडत नाही, आणि घाबरलेला कुत्रा वेडेवाकडे पाय मारतो. म्हणून गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर लवकरच त्याला समुद्रात वा विहिरीत सोडणे अविचाराचे ठरते.

डॅशहुंड या लांब पाठीच्या व आखूड पायांच्या जातीचा विचार येथे निराळा केला पाहिजे, कारण पुनर्वसनाची खरी कसोटी तेथे लागते. या जातीत दर चार-पाच कुत्र्यांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी कण्याच्या चकतीचा विकार गाठतो. स्वीडनचे पशुवैद्य हान्स-यॉर्गन हान्सन यांनी 1952 साली अशा जातींतील चकत्यांचे परीक्षण करून, त्या तरुणपणीच कोरड्या व भुसभुशीत होऊन एकाएकी फुटतात, इतर जातींत त्या उतारवयात हळूहळू फुगतात, असा भेद दाखविला. आणि 2017 साली या अकाली झिजेच्या मुळाशी असलेला जनुकीय दोष बाराव्या गुणसूत्रावर सापडला. म्हणजे ज्या ठेंगणेपणासाठी माणसाने ही जात पिढ्यान्‌पिढ्या निवडून वाढविली, त्याच्याबरोबर हे दुखणेही तिच्या पदरात बांधले गेले आहे, आणि त्यामुळे त्याच्या उपचाराची जबाबदारीही माणसाला टाळता येणार नाही.

सकाळी खेळणारा कुत्रा दुपारी मागचे पाय ओढीत येतो, असे त्या विकाराचे स्वरूप असते. अशा वेळी एक मिनिटही न दवडता पशुवैद्याकडे जावे; पाठ चोळण्याचा मोह आवरावा. तेथे सर्वांत आधी पाहतात ते हे, की पायाचे बोट चिमट्याने जोरात दाबल्यावर कुत्र्याला ते जाणवते की नाही; नुसता पाय मागे ओढला जाणे ही केवळ प्रतिक्षिप्त क्रिया असू शकते, त्याने वळून पाहिले, ओरडला, चावावयास आला, तरच वेदना मेंदूपर्यंत पोहोचली असे समजतात. ती पोहोचत असेल तर शस्त्रक्रियेनंतर बहुसंख्य कुत्री पुन्हा चालतात. ती नाहीशी झाली असेल तर सुमारे निम्मीच. सौम्य प्रकारात शस्त्रक्रियेवाचून, काही आठवडे लहानशा जागेत सक्त विश्रांती देऊनही गुण येतो.

त्या आठवड्यांतील शुश्रूषा कष्टाची असते. लुळ्या कुत्र्याचे मूत्राशय दिवसातून तीन-चार वेळा पोटावरून हाताने दाबून रिते करावे लागते, कारण ते तुडुंब राहिले तर जंतूंचा प्रादुर्भाव होतो आणि ताणलेल्या स्नायूचे बळ जाते. दर काही तासांनी कूस पालटावी लागते, नाहीतर खुब्याच्या व कोपराच्या हाडांवर शय्याव्रण होतात. ओल्या जागेची कातडी कोरडी ठेवावी लागते. याबरोबरच पायाच्या बोटांमध्ये चोळून, पंजा जमिनीवर योग्य रीतीने टेकवून, कुत्र्याला पोटाखाली पंच्याने उचलून उभे करून, हरवलेल्या संवेदनेला जागे करण्याचा प्रयत्न चालतो. ज्यांच्या मज्जारज्जूतून मेंदूशी दळणवळण परत येत नाही, अशांतीलही काही कुत्री दीर्घकाळच्या सरावानंतर अडखळत का होईना चालू लागतात, कारण पावलांचा ताल सांभाळणारी यंत्रणा पाठीच्या खालच्या भागातील मज्जारज्जूतच अंशतः वास करते. जी तितकीही सुधारत नाहीत, त्यांना दोन चाकांची गाडी बसविता येते. ती पुढच्या पायांवर फाजील भार पडणार नाही अशी मापून घ्यावी, दिवसभर जुंपून ठेवू नये, आणि ती काढल्यावर फऱ्यांचे मर्दन चुकवू नये.

म्हाताऱ्या कुत्र्यांबद्दल दोन गोष्टी सांगणे अवश्य आहे. पहिली वजनाची. अमेरिकेत 48 लॅब्रॅडॉर पिल्लांच्या जोड्या लावून, एकाला जितके अन्न त्याहून 25 टक्के कमी दुसऱ्याला, असे आयुष्यभर देऊन पाहण्यात आले. 2002 साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, त्यात कमी खाणाऱ्यांचे आयुष्य मध्यममानाने 11.2 वर्षांच्या ठिकाणी 13 वर्षे भरले, आणि त्यांच्या सांध्यांची झीज पुष्कळ उशिरा सुरू झाली. चहाबरोबर सरकविलेली बिस्किटे आणि पोळीचे तुकडे यांचा हिशेब कोणी ठेवीत नाही, पण सांधे ठेवतात. दुसरी गोष्ट घरच्या जमिनीची. गुळगुळीत टाइलवर वृद्ध कुत्र्याचे मागचे पाय दोहोंकडे फाकतात, तो पडू नये म्हणून दिवसभर अंग ताठ धरून वावरतो, आणि आपण रोज मर्दनाने जे सैल करतो ते तो रोज पुन्हा आवळून घेतो. त्याच्या नित्याच्या वाटेवर रबरी चटया घातल्या, नखे वेळच्या वेळी कापली, तळव्यांमधील केस कातरले, पाण्याचे भांडे थोडे उंचावर ठेवले, तर हा त्रास मोठ्या प्रमाणात वाचतो.

उपचार कोणाकडून घ्यावा, हा प्रश्न सध्या निकडीचा झाला आहे, कारण चार दिवसांचा वर्ग करून फलक लावणारे पुष्कळ निघाले आहेत. 1984 च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याप्रमाणे रोगाचे निदान व चिकित्सा हा नोंदणीकृत पशुवैद्याचा अधिकार आहे. माणसांवर उपचार करणारा भौतिकोपचारतज्ज्ञ कितीही निष्णात असला, तरी कुत्र्याच्या बाबतीत त्याने पशुवैद्याच्या देखरेखीखालीच काम केले पाहिजे. जो उपचारक क्ष-किरणाची चित्रे न मागता, पूर्वीचे कागद न वाचता, कुत्र्याला चालवून न पाहता एकदम हात घालतो, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नये. पहिल्या भेटीस जाताना शस्त्रक्रियेचा गोषवारा, रक्ताचे अहवाल व चालू औषधांची यादी न्यावी. आणि परक्या जागी भेदरलेला कुत्रा लंगडणे पुष्कळदा दडवितो, यास्तव घरासमोरच्या सपाट रस्त्यावर त्याला चालवून व दुडक्या चालीने पळवून, समोरून, मागून आणि दोन्ही बाजूंनी मोबाइलवर चित्रित करून न्यावे. दुडक्या चालीत पुढचा दुखरा पाय टेकताना डोके वर जाते आणि निरोगी पाय टेकताना खाली येते. मागच्या पायाचे दुखणे असेल तर तो टेकताना पुठ्ठा त्या बाजूला उचलला जातो. एवढ्या चित्रणावरून जाणता पशुवैद्य दुखणे कोणत्या पायात आहे याचा अंदाज बहुधा हात लावण्यापूर्वीच बांधू शकतो, आणि दर पंधरवड्याला तेथेच, तसेच नवे चित्रण करीत गेल्यास उपचाराने गुण येतो आहे की नाही, याची रुजवात मालकाला स्वतः करता येते.